आम्हा दोघांनाही जीभ गुंडाळता येत नाही, मग मुलीला कशी येते? (डॉमिनंट-रिसेसिव्हचे अपवाद)

मोरपीस:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लावतेय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिने एका व्हिडिओत ती पनेटची चार खणांची चौकट (आईवडिलांच्या जीन्सवरून मुलांत काय येऊ शकतं ते मांडायची) बघितली आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाचा तक्ता करायचं वेड लागलंय, कानाची पाळी चिकटलेली की सुटी, गालाला खळी आहे का, जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून नळी करता येते का, सगळं वहीत. तर जिभेपाशी गाडी अडली. मला जीभ गुंडाळता येत नाही, नवऱ्यालाही येत नाही, आणि तिला अगदी सहज येते. व्हिडिओत ठासून सांगितलं होतं की जीभ वळणं डॉमिनंट (जीनची एक कॉपी असली तरी दिसणारं) आणि न वळणं रिसेसिव्ह (दोन्ही कॉप्या तशाच असल्या तरच दिसणारं), म्हणजे आमच्या दोघांकडे रिसेसिव्हच्याच दोन-दोन कॉप्या, मग हिच्याकडे डॉमिनंट आला कुठून? तिने चौकट चारदा काढून बघितली, चारही खणांत "येत नाही" हेच उत्तर. रात्री झोपताना विचारते, आई, मी तुमचीच आहे ना?

मी तिला जन्म दिलाय, मला शंका असायचा प्रश्नच नाही. पण समजावताना "अगं असं होतं कधीकधी" एवढंच सुचलं आणि ते तिला पटलं नाही, खरं तर मलाही नाही. दोन दिवस पोर गप्प गप्प आहे. तर माझा प्रश्न असा की हा नियमच चुकीचा आहे की आम्ही तो लावताना चुकतोय? आणि रक्तगटाचंही असं होऊ शकतं का, कारण वहीतला पुढचा रकाना तोच आहे आणि मला आधीच तयारी करून ठेवायचीय.

खडूफळा:

मोरपीस ताई, आधी मुलीला आजच्या आज सांगा की तिची चौकट बरोबर होती, तिला दिलेली माहिती चुकीची होती. हे मी फार मनापासून सांगतोय कारण वीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय आणि या जिभेच्या उदाहरणाने किती मुलांच्या डोक्यात नको ते किडे सोडलेत ते बघितलंय.

जिभेची गोष्ट अशी. १९४० मध्ये अल्फ्रेड स्टर्टेव्हंट या मोठ्या जनुकशास्त्रज्ञाने हा गुण डॉमिनंट असावा असं मांडलं, पण त्याच्या स्वतःच्याच आकडेवारीत आईवडील दोघांनाही न येणारी पण मुलांना येणारी कुटुंबं होती. मग १९५२ मध्ये जुळ्यांवर अभ्यास झाला, एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या तर ७ जोड्यांमध्ये एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. आता एकसारख्या जुळ्यांचे जीन्स सारखेच असतात, मग एका जीनचा खेळ असता तर हे झालंच नसतं. पुढे १९६५ मध्ये स्टर्टेव्हंटने स्वतःच हे उदाहरण मागे घेतलं. तरी ते अजून फिरतंय, कारण वर्गात करून बघायला सोपं आहे, सगळी मुलं जीभ बाहेर काढून हसतात. कानाच्या पाळीचं पण तेच, चिकटलेली आणि सुटी असे दोन कप्पे मुळात नसतातच, मधल्या सगळ्या पायऱ्या असतात आणि बरेच जीन्स मिळून ते ठरवतात. खळीचंही काही खरं नाही. म्हणजे तक्त्यातले पहिले तिन्ही रकाने बाद.

आता तुमचा खरा प्रश्न, नियम चुकीचा आहे का. नाही. मेंडेलने १८६५ मध्ये वाटाण्यांवरून जे दाखवलं त्याचा गाभा असा की प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या असतात, एक आईची एक वडिलांची, आणि पुढच्या पिढीला देताना त्यातली एकच जाते. हा भाग पक्का आहे. पण दोन कॉप्या वेगवेगळ्या असल्या तर बाहेरून काय दिसेल, हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे, आणि डॉमिनंट-रिसेसिव्ह हे त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक.

मी हे शिकवताना नेहमी गुलबक्षी घेतो. कार्ल कॉरेन्स, १९०० साली मेंडेलचं काम ज्यांनी पुन्हा उजेडात आणलं त्यांच्यापैकी एक, त्याने लाल गुलबक्षी आणि पांढरी गुलबक्षी यांचा संकर केला तर झाडं आली गुलाबी. लाल जिंकला नाही, पांढराही नाही. कोणी म्हणेल रंग मिसळले, संपलं, पण त्या गुलाबी झाडांचा आपसात संकर केला की पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी १:२:१ अशी येतात, म्हणजे लाल आणि पांढरा दोन्ही आत शाबूत होते, कुठेही मिसळले नव्हते! हे मला दरवर्षी शिकवताना नव्याने आवडतं. मेंडेलचा नियम जसाच्या तसा आणि तरी डॉमिनंट कोणीच नाही, याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात.

आणि त्याहून गंमत म्हणजे मेंडेलचा स्वतःचा वाटाणा. गोल डॉमिनंट, सुरकुतलेला रिसेसिव्ह, हे आपण सगळे पाठ करतो. १९९० मध्ये त्यामागचा जीन सापडला, तो स्टार्चच्या रेणूंना फांद्या फोडणाऱ्या एका एन्झाइमचा आहे. सुरकुतलेल्या वाटाण्यात तो बिघडलेला असतो, मग स्टार्च कमी आणि साखर जास्त, त्यामुळे दाणा आधी जास्त पाणी धरतो आणि वाळताना आक्रसतो. एक चांगली एक बिघडलेली कॉपी असली तरी दाणा गोलच राहतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले स्टार्चचे कण बघितले तर ते दोन्हींच्या मधलेच निघतात. म्हणजे डोळ्यांनी बघाल तर डॉमिनंट, भिंगाखाली बघाल तर गुलबक्षीसारखं. वाटाणा तोच, जीन तोच. म्हणून कुठलाही जीन "डॉमिनंट आहे" असं कोणी म्हटलं की मी विचारतो, कोणासमोर आणि कुठून बघताना?

कवडसा:

रक्तगटाचं मी सांगते, मी रक्तपेढीत काम करते आणि हा प्रश्न घेऊन आलेली घाबरलेली माणसं मी समोर बसलेली बघितली आहेत.

ए आणि बी या दोन कॉप्या एकत्र आल्या तर एबी गट होतो, दोन्ही पूर्ण ताकदीने दिसतात, कोणी कोणाला दाबत नाही आणि मधलं काही होत नाही. याला सहप्रभाविता म्हणतात. ओ मात्र दोघांपुढे रिसेसिव्ह. म्हणजे एकाच जीनच्या तीन आवृत्त्या आणि त्यांच्यात दोन प्रकारची नाती. आई ओ आणि बाबा एबी असतील तर मुलं ए किंवा बी, आईवडिलांसारखा गट एकाही मुलाचा नाही! हा अपवादसुद्धा नाही, साधा नियमच आहे, तरी लोक यावरून घरात वाद घालतात.

खरा अपवाद म्हणजे बॉम्बे ब्लड ग्रुप. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतच शोधला म्हणून ते नाव. ए आणि बी अँटिजेन, म्हणजे लाल पेशीवरच्या खुणा, तयार व्हायला आधी एच नावाचा पाया लागतो आणि तो बनवणारा जीन पूर्ण वेगळा, वेगळ्या गुणसूत्रावर आहे. एखाद्याकडे एचच्या दोन्ही कॉप्या बंद असतील तर त्याच्याकडे बी जीन धडधाकट असूनही लाल पेशीवर काहीच चढत नाही, साध्या तपासणीत तो ओ दिसतो. आता अशा माणसाचं लग्न ओ गटाच्या व्यक्तीशी झालं तर तिच्याकडून मुलाला चालू एच मिळतो, याच्याकडून लपलेला बी, आणि बाळ बी गटाचं! कागदावर ओ अधिक ओ बरोबर बी. चौकट घेऊन बसलात तर थेट बाईच्या चारित्र्यावर बोट आणि प्रत्यक्षात सगळं नियमानुसार चाललेलं, फक्त दोन जीन्सचा हिशोब एकत्र करायला हवा होता.

म्हणूनच आम्ही फक्त फॉरवर्ड ग्रुपिंगवर, म्हणजे पेशींवरचे अँटिजेन तपासण्यावर, थांबत नाही, रिव्हर्स पण करतो, म्हणजे सीरममधल्या (रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या द्रवातल्या) अँटिबॉडीज तपासतो. बॉम्बे गटाच्या माणसाचा सीरम ओ पेशींच्याही गुठळ्या करतो, खऱ्या ओ गटाच्या माणसाचा करत नाही, तिथे पकडला जातो. पकडलं नाही तर जिवावर बेततं कारण त्याला ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बेच लागतं.

आणखी एक दुर्मिळ प्रकार म्हणजे सिस-एबी, यात ए आणि बी दोन्ही करणारी एकच आवृत्ती एकाच गुणसूत्रावर असते, मग एबी आणि ओ जोडप्याला ओ मूलही होऊ शकतं. पण खरं सांगू का, घरी गट जुळत नाही म्हणून आलेल्यांपैकी जास्त वेळा कारण फार साधं निघतं, जुनी नोंदच चुकीची असते. नवजात बाळाचे अँटिजेन कमजोर असतात आणि त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडीज काही महिन्यांनी तयार होतात, त्यामुळे जन्माच्या वेळचा गट पुढे एकदा पुन्हा तपासून घ्यावा. तुमच्या मुलीच्या रकान्यात काही विचित्र आलं तर आधी तेवढं करा.

मोरपीस:

किती छान सांगितलंत दोघांनी, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. संध्याकाळी तिला जुळ्यांचं सांगितलं, ३३ मधल्या ७ जोड्या, तर तिचा चेहराच बदलला, म्हणाली म्हणजे ते एकसारखे जुळेसुद्धा एकमेकांचे नाहीत असं होईल ना! मग स्वतःच हसली. आता पुढचा प्रश्न तिचाच आहे, सगळे रोग पण असेच चौकटीत बसतात का?

सांजवात:

मोरपीस, तुमच्या लेकीच्या या प्रश्नाचं उत्तर मी जगतोय म्हणून लिहितो.

मला लहानपणापासून अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग आहेत, सात-आठ. कधी काही झालं नाही, जन्मखूण म्हणून सोडून दिलं. माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्याच्या डोळ्याच्या नसेवर गाठ सापडली आणि तेव्हा कळलं की त्याला न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ आहे, आणि मलाही तेच आहे. हा डॉमिनंट आजार आहे, सतराव्या गुणसूत्रावरच्या जीनची एक कॉपी बिघडली की झाला, मुलाला जायची शक्यता निम्मी. चौकटीत इतकंच येतं. पण तीच बिघडलेली कॉपी, अक्षर न अक्षर सारखी, माझ्यात नुसते डाग आणि त्याच्यात गाठ, हे चौकट सांगत नाही. सुरुवातीला एका डॉक्टरांनी मला बघून सांगितलं की तुम्ही तर ठणठणीत आहात, तुमच्याकडून आलेलं नसणार, नव्याने झालं असेल. तसंही होतं, यात जवळपास निम्म्या लोकांना आईवडिलांकडून न येता नव्याने झालेला बदल असतो. पण माझ्या बाबतीत तसं नव्हतं, माझे डाग कोणी मोजलेच नाहीत. आणि आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करत होतो, तेव्हा "नव्याने झालंय" आणि "वडिलांकडून आलंय" यातला फरक आमच्यासाठी केवढा मोठा होता ते सांगून कळणार नाही.

जेनेटिक काउन्सेलरनी मग दोन शब्द नीट समजावले. पेनिट्रन्स म्हणजे जीन असणाऱ्या किती जणांत तो मुळात दिसतो, आणि एक्सप्रेसिव्हिटी म्हणजे दिसला तर किती आणि कसा. आमच्या आजारात मोठेपणापर्यंत जवळपास सगळ्यांत काही ना काही दिसतंच, पण किती ते आधी कोणी सांगू शकत नाही. बीआरसीए१ या स्तनांच्या कॅन्सरशी जोडलेल्या जीनच्या बाबतीत उलटं, तो बिघडलेला असूनही काही बायकांना आयुष्यभर कॅन्सर होत नाही, मग कुटुंबात एक पिढी सोडून आल्यासारखं वाटतं आणि लोक समजतात रिसेसिव्ह आहे. कोणाच्या घरात असा आजार निघाला असेल तर कृपा करून आईवडील दोघांचीही अंगभर नीट तपासणी करून घ्या, "आम्ही तर बरे आहोत" यावर थांबू नका. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, केमो झाली, एका डोळ्याला कमी दिसतं, बाकी खेळतो बागडतो.

अर्धविराम:

सांजवात, तुम्ही हे इतकं उघडपणे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार.

मी जेनेटिक्समध्ये पीएचडी करतेय, मला एकच गोष्ट घालायचीय जी ऐकल्यावर मी स्वतः हा विषय घ्यायचं ठरवलं. वर सगळ्यांनी गृहीत धरलंय की आईची कॉपी आणि वडिलांची कॉपी सारख्याच दर्जाच्या, कुठून आली याने फरक पडत नाही. मेंडेलनेही तसंच बघितलं होतं, संकर उलटसुलट करून. पण काही थोड्या जीन्सवर, माणसात साधारण शंभरेक, आईकडून आलं की वडिलांकडून याचा शिक्का असतो आणि त्यातली एकच कॉपी चालू असते. पंधराव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा घ्या. तो वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर गायब असेल तर प्रॅडर-विली सिंड्रोम होतो, बाळ जन्मतः खूप ढिलं, नीट ओढून दूध पीत नाही आणि काही वर्षांनी भूक अशी की पोट भरलंय हे कळतच नाही. तोच तुकडा आईकडून आलेल्या गुणसूत्रावर गायब असेल तर अँजलमन सिंड्रोम, बोलणं जवळपास नाही, झटके येतात, चालताना तोल जातो आणि मूल वारंवार हसतं. गेलाय तोच तुकडा आणि आजार पूर्ण वेगळे! यात डॉमिनंट-रिसेसिव्ह हे शब्दच लागू पडत नाहीत. आणि कधीकधी तुकडा गेलेलाच नसतो, मुलाला पंधराव्या गुणसूत्राच्या दोन्ही कॉप्या आईकडूनच आलेल्या असतात, वडिलांची एकही नाही, तरी प्रॅडर-विलीच होतो. एकच पालक दोन्ही कॉप्या देतो म्हणजे मेंडेलचा तो पक्का गाभासुद्धा क्वचित मोडतो, खडूफळा सर.

बाकी मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांचे) ३७ जीन्स फक्त आईकडून येतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. आणि हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात त्याच्या जीनमधली सीएजी ही तीन अक्षरं किती वेळा रिपीट होतात त्यावर सगळं ठरतं, ४० किंवा जास्त असतील तर पूर्ण आयुष्य मिळाल्यास आजार होतोच, ३६ ते ३९ असतील तर होईलही किंवा नाहीही, आणि पुढच्या पिढीत जाताना, विशेषतः वडिलांकडून जाताना, ही संख्या वाढू शकते म्हणून मुलाला वडिलांपेक्षा लवकर होतो. जीन जसाच्या तसा पुढे जातो हेही इथे खरं राहत नाही.

खडूफळा:

अर्धविराम, मान्य, "पक्का" हा शब्द मी जास्त जोरात वापरला. दोन्ही कॉप्या एकाकडून हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, आता सांगेन. तुमच्या मायटोकॉन्ड्रियावरून आठवलं, त्याच कॉरेन्सने १९०९ मध्ये पुन्हा गुलबक्षीवरच दाखवलं की पानांवरचा हिरवा-पांढरा चट्टेरीपणा फक्त मादीकडून येतो. पराग कुठल्याही फांदीवरचा घ्या, बी ज्या फांदीवर धरलं ती हिरवी असेल तर रोप हिरवं, ती पांढरी असेल तर पांढरं आणि थोड्या दिवसांत मेलेलं. कारण हरितलवकांचे (पानाला हिरवा रंग देणाऱ्या पेशीतल्या भागांचे) स्वतःचे जीन्स असतात आणि गुलबक्षीत ते बीजांडातून येतात.

मोरपीस:

सांजवात दादा, तुमच्या मुलाला खूप खूप प्रेम. मी तुमचा भाग लेकीला वाचून दाखवला, तिने बराच वेळ काही विचारलं नाही, मग म्हणाली त्या मुलाला सांग की मी पण तक्ता करते.

वहीत "जीभ" हा रकाना तिने खोडला नाही, त्याच्यापुढे "एका जीनचं काम नाही" असं लिहिलंय. आणि आता गुलबक्षी लावायचीय म्हणते, लाल आणि पांढरी. खडूफळा सर, हे घरी कुंडीत जमेल का? संकर करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

खडूफळा:

जमेल, आणि अकरा वर्षांच्या मुलीला हाताने करता येईल इतकं सोपं आहे. गुलबक्षीचं फूल दुपार कलली की उमलतं, त्यामुळे ज्या झाडावर बी धरायचंय त्याची त्या दिवशी उमलणारी कळी उमलायच्या आधीच हलक्या हाताने उघडायची आणि बारीक चिमट्याने सगळे पुंकेसर काढून टाकायचे, नाहीतर ते स्वतःचंच परागण करून घेतं. संध्याकाळी दुसऱ्या रंगाच्या फुलाचे पराग मधल्या लांब दांडीच्या टोकावर लावायचे, वरून पातळ कापडाची पुरचुंडी बांधायची आणि दोऱ्याने खूण करायची. एका फुलातून एकच बी मिळतं, काळं, मिऱ्यासारखं, म्हणून निदान तीस-चाळीस फुलं तरी करा. बिया विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर जपून ठेवा.

एक मात्र आधीच सांगून ठेवा तिला. बागेतल्या गुलबक्षीत पिवळ्या आणि किरमिजी रंगाचेही जीन्स मिसळलेले असतात, त्यामुळे सगळी झाडं कॉरेन्सच्या झाडांसारखी वागतीलच असं नाही, चट्टेरी फुलंही येतील. आधी एक हंगाम लाल आणि पांढरी झाडं वेगवेगळी स्वतःच्याच परागावर बी धरू द्या, त्यातून सगळी लालच आणि सगळी पांढरीच आली तर ती संकराला घ्या. मेंडेलनेही वाटाणे आधी दोन वर्षं असेच तपासून घेतले होते. आणि पहिली पिढी गुलाबी आली तर फोटो इथे टाका, मी वाट बघतोय.